नट आवळणाऱ्यानं बाजूला बसायचं

गाडीचा आवाज पहिल्यांदा सुनेनं ऐकला आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. मुलानं ऐकला असता तर बाप म्हणाला असता, आधी डोक्यावरचं हेल्मेट काढ आणि मग ऐक. गिऱ्हाइकानं ऐकला असता तर त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण सुनेचा कान सासऱ्यांनीच तयार केलेला होता. तो खोटा ठरवायचा तर स्वतःलाच खोटं ठरवावं लागलं असतं.

सासऱ्यांना त्यांच्या धंद्यातले सगळे उस्ताद म्हणत. मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा जड लोखंडी डबा, म्हणजे डिफरन्शियल, हे त्यांचं खास काम. बाकी मेकॅनिक त्यासाठी काटे नि मोजमापं घेऊन बसत. उस्ताद पिनियनचा, म्हणजे त्या डब्यातल्या छोट्या दातेरी चाकाचा, नट थोडा थोडा आवळत आणि दर वेळी दोन बोटांनी पिनियन फिरवून बघत. किती आवळलं की पुरे, हे बोटं सांगत. सून या घरात आली तेव्हा त्यांनी तिला हेच पहिलं शिकवलं होतं. "मधात चमचा फिरवल्यासारखं लागलं की थांबायचं," ते म्हणाले होते. "पाण्यात फिरल्यासारखं लागलं तर ढिलं, आणि चिखलात फिरल्यासारखं लागलं तर मेलं."

गॅरेजचा दुसरा नियमही त्यांचाच होता. शेवटचा नट ज्यानं आवळला, त्यानं पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या बाजूला बसायचं. कामाचा माज असेल तर जीवही त्याच कामावर टाकून दाखवायचा, असं त्यांचं म्हणणं. घरच्या शर्यतीच्या गाडीला सगळे महाराणी म्हणत, कारण तिच्याइतके लाड त्या घरात कोणाच्याच वाट्याला येत नसत. तिचं डिफरन्शियल उस्तादांनी नुकतंच जुळवलं होतं आणि नियमाप्रमाणे पहिल्या फेरीला तेच बसले होते. तेव्हा गाडी गुमान चालली होती. आवाज सुरू झाला तो नंतर, आणि उद्या सकाळी सुनेचा नवरा तीच गाडी घेऊन डोंगररस्त्याच्या शर्यतीला उतरणार होता.

"टायर आहेत," दुपारी शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणाले. ते बाजूला बसले होते, गाडी सून चालवत होती. मागून बारीक, चिवट घरघर येत होती.

तिनं परत येऊन चारही टायर बदलले आणि पुन्हा निघाली. घरघर तशीच राहिली.

"मग चाकाचं बेअरिंग."

तिनं गाडी डावीकडे घेतली, मग उजवीकडे. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर भार या बाजूवरून त्या बाजूवर गेला की आवाज बदलतो. इथे काही फरक पडेना. मग तिनं वेग चढवून एकदम पाय उचलला, आणि आवाज टिपेला जाऊन किंचाळला. असा आवाज डिफरन्शियलशिवाय दुसऱ्या कशाचाच नसतो, हे तिला याच माणसानं, याच सीटवर बसवून शिकवलं होतं.

उस्ताद खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या शर्टाचं गळ्याचं बटण उघडं होतं. हल्ली ते उघडंच असायचं. एवढा टापटिपीचा माणूस, पण म्हातारपणी ढिला पडला, असं ती सासूबाईंना हसत म्हणालीही होती.

"बाबा, उघडावं लागेल."

"काही गरज नाही."

"पण आवाज..."

"मी जुळवलंय ते," उस्ताद म्हणाले. यापुढे बोलायचं नसतं, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

गॅरेजमध्ये आल्यावर तिनं गाडी लिफ्टवर चढवली आणि खाली शिरली. डिफरन्शियलचं पुढचं तोंड, जिथे पिनियन बसतो, तिथे तिनं बोट टेकवलं आणि लगेच झटकलं. चटका डोक्यापर्यंत गेला. एवढ्याशा फेरीत लोखंड इतकं तापतं ते एकाच कारणानं. आतली बेअरिंगं आवळून आवळून गुदमरली होती. अशी गाडी उद्या डोंगरावर नेली तर पिनियन एखाद्या वळणावर अडकणार, मागची चाकं जागच्या जागी थिजणार आणि गाडी दरीत जाणार. त्या गाडीत तिचा नवरा असणार होता.

"हात लावून बघा," ती म्हणाली. आवाज चढला होता आणि तिला त्याची फिकीर नव्हती. "किती तापलंय ते तरी बघा!"

उस्ताद गाडीखाली आले. त्यांनी उजवा तळवा सरळ त्या तोंडावर ठेवला.

"कोमट आहे," ते म्हणाले. "चालवल्यावर एवढं होणारच."

हात तिथेच होता. तिला वाटलं, हट्टानं ठेवलाय, आता काढतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, काहीच नव्हतं. ते शांतपणे तिच्याकडे बघत उभे होते, एखाद्या थंड भिंतीला टेकल्यासारखे. मग तिला वास आला.

"बाबा!" तिनं मनगट धरून त्यांचा हात ओढून काढला.

तळवा लालभडक झाला होता. बोटांची टोकं पांढरी पडली होती, कातडी फुगायला लागली होती. उस्तादांनी हात डोळ्यांसमोर धरला आणि हा कोणाचा हात, अशा नजरेनं बघत राहिले.

तिनं त्यांना नळाखाली नेलं. पाणी वाहत राहिलं. उघडं बटण, हातातून निसटणारा कप, चावी कुलपात न जाता दारावर खरवडणं, सगळं तिच्या डोक्यात एकामागून एक येऊन उभं राहिलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"साखर आहे ना," उस्ताद पाण्याकडे बघत म्हणाले. "आधी पाय बधिर झाले. डॉक्टर म्हणाले, हातांकडे लक्ष ठेवा."

"आणि तुम्ही याच बोटांनी नट..."

"मला वाटलं, अजून कळतंय."

तिला त्यांचा इतका राग आला की नळ फोडावासा वाटला, आणि त्याच क्षणी इतकं भरून आलं की तिनं मान फिरवली. बोटांना काही लागत नव्हतं म्हणून ते आवळत गेले. अजून पाणीच आहे, अजून पाणीच आहे, असं समजत चिखलाच्याही पुढे गेले. आणि स्वतः निर्धास्तपणे बाजूच्या सीटवर जाऊन बसले.

"त्याला सांगू नकोस," उस्ताद म्हणाले. तिनं त्यांच्या हातावर ओलं फडकं गुंडाळलं, पाने घेतले आणि डिफरन्शियल उतरवायला सुरुवात केली. या वेळी त्यांनी अडवलं नाही.

नवरा परत आला तेव्हा महाराणीचं पोट बाकावर उघडं पडलं होतं. तो दारातच थबकला.

"हे काय चाललंय? उद्या सकाळी शर्यत आहे! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तिनं पिनियनचं बेअरिंग त्याच्या हातात ठेवलं. पोलाद जळून निळं पडलं होतं. ते बघून त्याचा आवाज खाली आला. आपण उद्या कशावर बसणार होतो हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं जवळचं स्टूल ओढलं.

"कशानं झालं?"

सून सासऱ्यांकडे बघत नव्हती. "बेअरिंग खराब निघालं," ती म्हणाली. "नवंच होतं, पण निघतं कधीकधी."

"कधीकधी? माझा जीव गेला असता!" त्यानं खिशातून फोन काढला. "थांब, त्या दुकानदाराची अशी खरडपट्टी काढतो की जन्मात विसरणार नाही. सगळ्या गॅरेजवाल्यांना सांगतो. कुत्रं फिरकणार नाही त्याच्या दारात."

फोनची रिंग वाजायला लागली. सुनेच्या हातातला पाना तसाच राहिला. एक थाप मारली की ती सावरायला दुसरी लागते, आणि दुसरी तिच्या ओठांवर येत नव्हती.

"ठेव तो फोन," उस्ताद म्हणाले.

"तुम्ही मध्ये पडू नका, बाबा."

"ठेव म्हणतो ना! बेअरिंग चांगलं होतं. मी जास्त आवळलं." त्यांनी फडकं सोडलं आणि फोड आलेला तळवा मुलासमोर धरला. "हे आत्ता भाजलंय आणि मला कळलं नाही. ही बोटं गेली. तुला मारायला निघालो होतो मी, आणि मला कळलं नाही."

पलीकडून दुकानदार हॅलो हॅलो करत होता. नवऱ्यानं फोन बंद केला. तो त्या तळव्याकडे बघत राहिला. रागवावं की बापाला जवळ घ्यावं हे त्याला कळेना, आणि म्हणून तो उठून मलम शोधायला लागला, सगळे खण धडाधड उघडत.

"आणखी एक," उस्ताद म्हणाले. आता ते सुनेशी बोलत होते. "ती पांढरी गाडी, शिक्षिकाबाईंची. तीपण मीच जुळवलीय, याच बोटांनी. रोज पोरांना घेऊन जाते ती. आत्ताच्या आत्ता फोन कर. म्हणावं, गाडी जागची हलवू नका, आम्ही न्यायला येतो."

तिनं फोन केला. बाई घरीच होत्या आणि गाडी अंगणात उभी होती. ते ऐकून उस्ताद स्टुलावर बसले.

मग सून कामाला लागली. गिअरच्या दातांवर रंग लावून तिनं ठसा बघितला. दात शाबूत होते. नवी बेअरिंगं बसवली. नटाखालची नळी एकदा चेपली की पुन्हा मूळपदावर येत नाही, म्हणून तीही नवी घातली. नट थोडा आवळायचा, पिनियन फिरवायचा, पुन्हा थोडा आवळायचा. तिचा घाम नाकावरून टपकत होता. शेवटी ती थांबली, पिनियनला दोरी गुंडाळली आणि ओढ मोजणारा ताणकाटा लावून ओढली. हे यंत्र गॅरेजात कायम खिळ्याला लटकून असे आणि त्यावरून उस्ताद सगळ्या जगाची टर उडवत.

"किती?" उस्तादांनी विचारलं.

तिनं काटा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि मान डोलावली. आज टर नव्हती.

गाडी खाली उतरली तेव्हा उन्हं कलली होती. नवरा स्टिअरिंगवर बसला. उस्ताद सवयीनं बाजूच्या दाराकडे गेले, दाराला हातही घातला, आणि मग थांबले. त्यांनी दार उघडलं आणि सुनेसाठी धरून ठेवलं.

"नट तू आवळलास," ते म्हणाले.

मोकळ्या रस्त्यावर नवऱ्यानं वेग चढवला. ती जीव मुठीत धरून मागचा कानोसा घेत होती. त्यानं पाय उचलला. इंजिनाचा हुंकार उतरला, टायरची सरसर ऐकू आली, आणि मागून काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा वेग घेतला, पुन्हा सोडला. काहीच नाही. मग त्यानं गाडी कडेला घेतली आणि दोघं खाली वाकले. तिनं त्या तोंडावर बोट टेकवलं, मग आख्खा तळवा. कोमट होतं. तिनं हात तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवला.

परत आले तेव्हा उस्ताद फाटकात उभे होते, पांढरी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून. नवऱ्यानं काच खाली केली. "एकदम चिडीचूप आहे, बाबा. हात लावून आलो. उद्या जातो."

उस्तादांनी ते ऐकलं, पण ते त्याच्याकडे बघत नव्हते. ते वळसा घालून सुनेच्या खिडकीशी आले.

"काट्याचं सोड," ते हळूच म्हणाले. "काटा लावायच्या आधी तू फिरवून बघितलंस. मी बघत होतो. कसं लागलं बोटांना?"

"मधात चमचा फिरवल्यासारखं," ती म्हणाली.

उस्तादांनी डोळे मिटले. पट्टीतून बाहेर आलेली दोन बोटं हवेत सावकाश, एकदाच फिरली.

"हां," ते म्हणाले. "तसंच लागायचं."