राखीव गोलकीपरचा डावा पॅड

एक होती आई, तिचा होता एक मुलगा. मुलाला होती बायको, आणि बायकोच्या कडेवर एक पोर. आई आणि मुलगा राहायचे एका गावात, बायको आणि पोर दुसऱ्या गावात, आणि चौघांच्या मध्ये नऊ तासांची बस. या घरातला पाचवा मी. मला कुणी माणसांत धरत नसे, आणि त्याचं मला काही वाटतही नसे.

मी डावा पॅड बोलतोय. हॉकीच्या गोलकीपरच्या डाव्या पायावर, घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत जो जाड फोम बांधतात ना, तो मी. उजवा माझा जुळा भाऊ. तो जन्माचा घुमा, त्यामुळे दोघांचं मलाच सांगावं लागतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. फोमचा ठोकळा तापवला, साच्यात दाबला, कडा सुरीने तासल्या, मागे चार पट्टे लावले. दुखलं का म्हणाल, तर नाही. फोमला दुखत नाही. म्हणून तर मला पायावर बांधतात.

माझा पहिला मालक देशाच्या संघाचा पहिला गोलकीपर. सगळे त्याला 'पहिला' म्हणत. त्याच्या पायावर मी तीन वर्षं मार खाल्ला. दगडासारखा बॉल यायचा, धप्प व्हायचं, बॉल लांब जायचा. लोक ओरडायचे, ते पहिल्यासाठी. मग माझ्या वरच्या कडेला तडा गेला, पहिल्याला नवे पॅड आले, आणि मी राखीव गोलकीपरकडे आलो. त्या संघात रीतच होती तशी. धाकट्या भावाला थोरल्याची चड्डी, तसं राखीवला पहिल्याचं जुनं.

हा राखीव म्हणजे त्या आईचा मुलगा. खरं नाव होतं त्याला, पण कोचपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे 'राखीव'च म्हणायचे. एकदा बायकोला फोन लावून तो स्वतःच "मी राखीव बोलतोय" म्हणाला. पलीकडून बायको म्हणाली, "हो का? आणि चालू कोण आहे?"

हसला तो. पण थोडंच.

हॉकीत बाकीचे खेळाडू दर चार-पाच मिनिटांनी आत-बाहेर होतात. गोलकीपर होत नाही. तो दमत नाही, त्याला कुणी बदलत नाही. सहा वर्षं राखीव बाकावर बसला. तीन परदेशवाऱ्या केल्या, विमानात बसला, राष्ट्रगीताला उभा राहिला, मैदानात मात्र एकदाही उतरला नाही. पहिलाही नेमका तसाच भेटला होता त्याला. ताप आला तरी खेळायचा, दात पडला तरी खेळायचा.

आता यात अडलं कुठं ते सांगतो. राखीव वीज खात्यात नऊ वर्षं हंगामी होता. दारोदार जाऊन मीटर वाचायचा. खात्यात खेळाडूंसाठी एक कायमची जागा होती. अट एवढीच, की माणूस देशाकडून एका तरी सामन्यात प्रत्यक्ष खेळलेला हवा आणि वय पस्तिसाच्या आत हवं. कायम झालेल्याला दोन खोल्यांचं क्वार्टर. हंगामी माणसाला काही नाही. आईची खोली इतकी लहान, की शिलाई मशीन उघडलं की दार उघडत नसे. म्हणून सून पोरीला घेऊन आपल्या भावाकडे राहायची. पोर चार वर्षांची झाली, तरी बापाला 'ते बसवाले काका' म्हणायची.

आणि राखीवला पस्तीस पूर्ण व्हायला उरले होते एकवीस दिवस.

तेव्हा ही आठ देशांची स्पर्धा आली. निघायच्या आदल्या दिवशी आईने मला मांडीवर घेतलं. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या दुकानात कामाला. अक्षरओळख नाही, पण हात असा चालायचा की टाके मोजून घ्यावेत. माझा तडा बघून म्हणाली, "हा काय पायाला बांधतोस? भोपळा उकलल्यासारखा उकललाय."

"असू दे गं आई. त्याला कोण बॉल मारतंय?"

"म्हणून काय उघडा न्यायचा चार लोकांत?"

तिने दुकानातल्या काळ्या रेक्झिनचं कव्हर माझ्या वरच्या अर्ध्या भागावर बेतलं आणि शिवलं. पण शिवलं ते सीटचं शिवतात तसं. सीटच्या कव्हरची एक बाजू मोकळी ठेवतात, म्हणजे आतला फोम काढून उन्हात घालता येतो. आईने माझ्या वरचं तोंड तसंच मोकळं ठेवलं. फोम आणि रेक्झिन यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट राहिली. गोलकीपरच्या पॅडला अशी फट चालत नाही. पण हे तिला कोण सांगणार? आणि राखीवच्या पॅडला सामन्यात कधी बॉल लागलेला नसल्यामुळे त्याच्याही ते डोक्यात आलं नाही.

स्पर्धेत आमचा संघ हरत गेला. पहिला सामना हरला, दुसरा हरला, तिसरा बरोबरीत. राखीव बाकावर. बाकीचे राखीव खेळाडू बूट सैल करून बसायचे, हा मात्र माझे चारही पट्टे आवळून बसायचा. गोलकीपरची गरज पडली तर बांधायला वेळ मिळत नाही, असं त्याला कुणीतरी पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तो ते सहा वर्षं पाळत होता. पट्ट्यांनी रक्त अडायचं, पाय झोपायचे. सामना संपला की भिंतीला धरून उठायचा. त्याच्या पायांना कळत नसे, मला तर नसेच नसे. आमचं छान जमायचं.

शेवटचा सामना सातव्या जागेसाठी होता. सकाळी दहाला. सातवा कोण नि आठवा कोण, हे बघायला कोण येतं? गॅलरीत झाडूवाल्या बाया, चहाच्या थर्मासवाला, आणि समोरच्या संघातल्या कुणाचे तरी आईवडील. निळं कृत्रिम मैदान पाणी मारून ओलं केलेलं. आमचे गोल दोन, त्यांचा एक. राखीव घड्याळाकडे बघत नव्हता. तो समोर बघत होता, आणि समोर काही नव्हतं.

भोंगा वाजायला दोन सेकंद असताना पंचाने हात केला. त्यांना पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलवर जवळून मारा करायची संधी. लगेच भोंगा वाजला. वेळ संपली, पण कॉर्नर पुरा होईपर्यंत सामना संपत नाही. आणि कॉर्नर मिळाला त्याच धडपडीत पहिल्याच्या हाताचा अंगठा मागे वळला. नुसता दुखावला नाही, उलटा झाला. डॉक्टर धावला. पहिला म्हणाला, "बांधा, मी उभा राहतो." डॉक्टर म्हणाला, "काठी कशात धरणार? दातात?"

पेनल्टी कॉर्नर मिळाल्यावर कुणालाच बदलता येत नाही. जखमी गोलकीपर तेवढा बदलता येतो.

कोचने मागे वळून पाहिलं. "राखीव, ऊठ."

तो उठला, आणि खाली बसला. पाय होते कुठं? थर्मासवाला हसला. कप्तानाने काखेत हात घालून त्याला उभं केलं, तसाच गोलपर्यंत नेला. सहा वर्षं ज्या रेषेकडे बघितलं, तिच्यावर तो उभा राहिला. तुम्हाला वाटेल त्याचं काळीज धडधडलं असेल. मी अंगाला चिकटून होतो. तसं काही झालं नाही. देवळासमोर चप्पल ठेवल्यासारखा तो तिथं ठेवलेला होता.

त्यांनी बॉल आत ढकलला, एकाने अडवला, दुसऱ्याने मारला. माझ्यावर धप्प झालं. बॉल सरळ वर उडाला आणि खाली आला.

आणि नाहीसा झाला.

त्यांचे पाच जण काठ्या उगारून गोल फिरताहेत. आमचे चार जण वाकून बघताहेत. "बॉल कुठाय?" "आत गेला का?" "आत नाही!" "मग खाल्ला कुणी?" राखीव आपला तसाच उभा. त्याला ना बॉल लागलेला कळला, ना गेलेला. पंच हळूहळू चालत आला आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. आईने मोकळ्या ठेवलेल्या तोंडातून बॉल अलगद आत जाऊन बसला होता, खिशात लिंबू ठेवावं तसा.

कप्तान म्हणाला, "अरे, हा पॅड आहे का बाजाराची पिशवी?"

बॉल पॅडात अडकला तर नियमाने पुन्हा पेनल्टी कॉर्नर. पंचाने चिकटपट्टी मागवली, माझं तोंड गुंडाळून बंद केलं, कागदावर काहीतरी टिपलं. मग पुन्हा बॉल आत आला. या वेळी मारणाऱ्याने तो काठीवरून ओढून फेकला, डाव्या कोपऱ्यात. राखीवने पाय टाकला. म्हणजे टाकला असावा, कारण मी तिथं होतो. धप्प झालं, बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला. पंचाने शिट्टी वाजवली.

आम्ही सातवे आलो. कोणी नाचलं नाही. पुढच्या सामन्यासाठी पाण्याचे फवारे सुरू झाले, आणि राखीव अजून गोलमध्ये उभा होता, म्हणून भिजला. त्याने बायकोला फोन केला. "खेळलो," म्हणाला. ती पलीकडून म्हणाली, "जेवलात का?"

परत आल्यावर आई त्याला घेऊन थेट खात्याच्या ऑफिसात गेली. तो बसमधून उतरलेला तसाच, माझी पिशवी खांद्यावर. हेडक्लार्कने सामन्याचा कागद चष्म्याखाली धरला आणि परत ठेवला.

"यात मिनिटं शून्य लिहिलीत."

राखीव म्हणाला, "साहेब, घड्याळ संपल्यावर गेलो आत."

"तेच म्हणतोय मी. शून्य मिनिटं खेळला म्हणजे खेळला नाही. मी काय करू? कागद बोलतो ते मी बोलतो."

राखीव "बरं" म्हणाला आणि उठला. खरंच उठला हो! नऊ वर्षं, सहा वर्षं, सगळं त्या एका 'बरं'मध्ये बांधून. आई मात्र खुर्ची सोडेना.

"साहेब, मला वाचता येत नाही. पण तुम्ही वरचं तेवढं वाचलंत. खाली बारीक काय लिहिलंय?"

"तो पंचांचा शेरा आहे, मावशी."

"असू दे की. शाई त्यालाही लागलीच असेल."

हेडक्लार्कने सुस्कारा सोडला आणि वाचलं, "वेळ संपल्यावर बॉल गोलकीपर क्रमांक सोळा याच्या पॅडमध्ये अडकल्यामुळे पुन्हा पेनल्टी कॉर्नर दिला."

"सोळा कोण?"

"हाच तुमचा."

"मग न खेळणाऱ्याच्या पायात बॉल शिरला कसा?"

"दाखवा तो पॅड," हेडक्लार्क म्हणाला. मला टेबलावर ठेवलं. त्याने पट्टी सोलली, फटीत हात घातला, मनगटापर्यंत गेला. बाजूच्या टेबलावरच्या दोघी उठून बघायला आल्या.

"हे असं कुणी शिवलं?" त्याने विचारलं.

"मीच," आई म्हणाली. "चुकलंच ते. पण आता उसवणार नाही."

त्याने शेऱ्याच्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि कागद वर पाठवला. वाढदिवसाला चार दिवस होते. दोन दिवस उरले असताना वरून सही आली. पहिल्याचा अंगठा सांधला, पुढल्या स्पर्धेला तोच उभा राहिला. राखीवला पुन्हा कुणी बोलावलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

मी आता पायावर चढत नाही. माझा फोम बसलाय, पट्टे वाळून कडक झालेत. जपून ठेवा म्हणावं, तर मला काय कळणार जपलेलं? टाकलेलंही कळणार नाही. एवढंच मागतो, की टाकाल तेव्हा दोघा भावांना एकत्र टाका. त्याला बोलता येत नाही, त्याला बाजूला कोणीतरी लागतं.

क्वार्टर मिळालं ते दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक खिडकी, स्वयंपाकघरात नळ. सामान वर चढवायचं त्या सकाळी वारा इतका होता, की दार सारखं आपटून बंद व्हायचं. आईने इकडेतिकडे बघितलं आणि मला उचलून दाराला टेकवलं. दार उघडं राहिलं. राखीव ट्रंक घेऊन आत गेला. सून गादी घेऊन आत गेली. शेवटी पोर आली, उंबऱ्यावर थांबली आणि आतल्या माणसाला म्हणाली, "बाबा, मी येऊ?"

"ये," तो म्हणाला.

ती माझ्या अंगावरून पाय टाकून आत गेली. मी कुणालाच अडवलं नाही.