मधल्या सहा बशा

मेहकरजवळच्या एका कॉलेजात सुचिता अन्नतंत्रज्ञान शिकवायची. नेमणूक तासिका तत्त्वावर, त्यामुळे जूनमध्ये तिला नोकरी असायची आणि एप्रिल उजाडला की नसायची. यंदा तिनं जानेफळच्या बचत गटासाठी सोयाबीन-ज्वारीची चकली बसवायला घेतली.

“त्याले काय लागते?” गटाच्या झुंबरबाई म्हणाल्या. “पीठ भिजवलं, तेल तापलं, झालं.”

सुचितानं मात्र लॅपटॉप उघडला. तीन गोष्टी बदलून पाहायच्या होत्या: सोयापिठाचं प्रमाण, तेलाचं तापमान आणि तळायचा वेळ. तिनं प्रत्येकीची खालची-वरची मर्यादा भरली, कोणत्या मापाला चव किती चढते याचा उंचसखल नकाशा काढणारा ‘रिस्पॉन्स सरफेस’ हा पर्याय निवडला आणि बटण दाबलं. सॉफ्टवेअरनं वीस घाण्यांचा तक्ता पुढं टाकला, क्रमही मुद्दाम उलटासुलटा. त्यातले चौदा घाणे एकमेकांपासून वेगळे, पण सहा अगदी सारखे, बरोबर मधल्या मापाचे: सोया वीस टक्के, तेल एकशेसत्तर अंश, वेळ चार मिनिटं.

“सहा येळा तेच तळाचं? काऊन?” झुंबरबाईंनी विचारलं.

“चूक किती होते ते त्यावरून कळतं, मावशी.”

“माया हातून चूक होत नाही,” झुंबरबाई जरा फुगूनच म्हणाल्या आणि सोऱ्या धुवायला गेल्या.

त्यांचं खरं निघालं. कुरकुरीतपणा मोजायच्या यंत्राखाली सुचितानं त्या सहा घाण्यांच्या चकल्या मोडून पाहिल्या. आकडे जवळजवळ एकसारखे आले. तिला हायसं वाटलं. आता राहिलं होतं चव घेणं.

चवीसाठी तिनं पाच जण ठरवले होते. पण संस्थेचे अध्यक्ष नारायणराव यांना ही बातमी लागली आणि ते स्वतःच आले. आपली जीभ जिल्ह्यात गाजलेली आहे असं ते नेहमी सांगत, आणि आजवर त्यांना कोणी विचारलं नव्हतं की कोणी गाजवली. सोबत हेडक्लार्क भाऊराव होते. त्यामुळे ठरलेल्यांपैकी दोन शिक्षक आपणहून उठले आणि खुर्च्या मोकळ्या झाल्या.

दोन दिवस बशा फिरल्या. बशीवर नुसता आकडा. आत काय ते फक्त सुचिताला आणि तळणाऱ्या झुंबरबाईंना ठाऊक. नऊपैकी गुण द्यायचे होते. नारायणराव डोळे मिटून चावत आणि मोठ्यानं निकाल देत.

“वा! ही चकली म्हणजे चकली. लिहा, नऊ.”

भाऊरावांनी कागदावर साडेआठ लिहिले. साहेबांच्या बरोबरीला जाणं त्यांना बरं दिसलं नसतं.

दोन बशांनंतर नारायणरावांचा चेहरा आंबट झाला. “हे काय देऊन राह्यले बे? हिच्यात जीवच नाही. तीन!”

“अडीच,” भाऊराव पुटपुटले.

नऊवाली आणि तीनवाली, दोन्ही बशा त्याच मधल्या मापाच्या होत्या. झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला आणि तेल पाहायचं निमित्त करून बाहेर पळाल्या. सुचिताला हसायचीही सोय नव्हती. ती मान खाली घालून लिहीत राहिली.

संध्याकाळी तिनं सगळे गुण सॉफ्टवेअरमध्ये भरले. चांगल्या चवीची टेकडी दिसायला हवी होती तिथं पडद्यावर सपाट माळ आला. मॉडेल काही सांगत नव्हतं. सारख्या घाण्यांमधला फरक मोजणारा आकडा मात्र भलताच फुगला होता. तो दोष झुंबरबाईंच्या हाताचा नव्हता, यंत्रानं तसं आधीच सांगितलं होतं. तिनं दोन रकाने बाजूला केले, नारायणरावांचा आणि त्यांच्या अर्धा गुण मागून चाललेला भाऊरावांचा. तीन जणांच्या गुणांवर छान, गोल टेकडी उभी राहिली. शिखर होतं तेवीस टक्के सोया, एकशेअडुसष्ट अंश आणि साडेचार मिनिटांच्या आसपास.

आता हे सांगायचं कसं? दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. न सांगावं तर प्रयोग खोटा, सांगावं तर जूनमधली नेमणुकीची ऑर्डर गेली. शेवटी ती अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेली.

“साहेब, तुमचे गुण मला इतरांच्यात मिसळता आले नाहीत.”

भाऊरावांच्या हातातली फाइल थांबली.

“काऊन?” नारायणराव म्हणाले.

“ते फार वेगळे आहेत. सॉफ्टवेअर त्यांना घेतच नाही. म्हणून वेगळं परिशिष्ट केलंय, सगळे आकडे जसेच्या तसे ठेवून.”

नारायणराव खुर्चीत मागं रेलले. चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. “मले वाटलंच होतं. मशीनले बी झेपली नाही आपली जीभ. भाऊराव, ऐकून राह्यले ना?”

“हाव साहेब,” भाऊराव म्हणाले, आणि सुचिताकडे पाहून हळूच विचारलं, “माहे बी त्याच परिशिष्टात आहेत का?”

“तुमचेही.”

भाऊराव एवढे खूश झाले की त्यांनी स्वतः चहा सांगितला.

सहीसाठी आणलेल्या अहवालाच्या नवव्या पानावर सुचितानं स्वच्छ लिहिलं होतं: एका परीक्षकानं एकाच नमुन्याला तीन ते नऊ गुण दिले, दुसऱ्यानं त्याचंच अनुकरण केलं, सबब दोघांचे गुण विश्लेषणातून वगळले. नारायणरावांनी चहा पितापिता प्रत्येक पानावर सही केली. नवव्या पानावर जरा वळणदारच.