साफ केलेले फोटो

माझ्या हातून फोटोतला डाग सुटत नाही. स्टुडिओ टाकला त्याला एकोणीस वर्षं झाली. या काळात किती गालांवरचे वांग पुसले आणि किती टकलांवरची चमक मारली, याची गणती नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, जरा माणसात आणा," आणि मी आणतो. मोबाइलवर फोटो काढून स्वतःला फोटोग्राफर म्हणवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. जे आलं ते तसंच पुढे ढकलतात.

आमची ढब्बू लग्नानंतर अकरा वर्षांनी झाली. हे नाव तिच्या आत्यानं लाडानं ठेवलं आणि तेच चिकटलं. दर महिन्याला मी तिला दुकानात नेऊन लाकडी खोक्यावर बसवायचो, फोटो काढायचो आणि मोठा करून घरच्या भिंतीवर लावायचो. बायको चिडवायची, "आपली भिंत संपली की शेजाऱ्यांची मागा."

ढब्बू सव्वा वर्षाची असताना एका फोटोत तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली पांढरट आली. फ्लॅशनं डोळे लाल येतात, ते माझ्या रोजच्या सवयीचं. हे पांढरं काय नवीन, म्हणून मी फ्लॅशला एक शिवी हासडली आणि उजव्या डोळ्याची काळी बाहुली कॉम्प्युटरवर उचलून डाव्यावर बसवली. पाच मिनिटांचं काम. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मी दिवा सरकवला, पडदा बदलला, शेवटी नवा फ्लॅश आणला. ठिपका येत राहिला आणि मी तो पुसत राहिलो. लेकीच्या डोळ्यातच काही असेल, हे माझ्या मनाला शिवलं नाही. खोट माझ्या सामानात आहे असं मी धरून चाललो होतो आणि तसं घरी सांगायला मला कमीपणा वाटत होता.

ती दोन वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिला लस द्यायला घेऊन गेलो. नर्सबाईंनी तिचं तोंड आपल्याकडे वळवलं, डोळ्यांवर बॅटरी मारली, मग पुन्हा मारली.

"डावा डोळा आत वळतोय, तो कधीपासून?"

कधी कधी वळतो, पण लहान मुलांचं असतंच तसं, असं बायको म्हणाली.

"लस पुढच्या आठवड्यात देऊ. आज हिला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. उद्यावर टाकू नका."

तपासण्यांत चार दिवस गेले. ढब्बूला गुंगी देऊन दोन्ही डोळे आतून पाहिले. पाचव्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. डाव्या डोळ्याच्या आत गाठ होती, कर्करोगाची. उजवा डोळा स्वच्छ होता आणि गाठ डोळ्याबाहेर गेल्याचं दिसत नव्हतं.

"मुलगी वाचेल, असं मला वाटतं. हा डोळा मात्र काढावा लागेल. गाठीनं तो जवळजवळ भरलाय."

बायकोनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. "डोळा ठेवून काहीच करता येणार नाही का, बाई?"

"लवकर कळलं तर पुष्कळदा वाचवता येतो. फोटोत कधी हिची बाहुली पांढरी दिसली होती का?"

"नाही हो," बायको लगेच म्हणाली. "हे स्वतः फोटोग्राफर आहेत. घरभर हिचे फोटो आहेत. एकातही तसं नाही."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही किळस येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकान उघडलं आणि आतून कडी लावली. मूळ फोटो मी कधीच फेकत नाही, तेवढी शिस्त मला आहे. पांढरा ठिपका असलेले एकूण नऊ निघाले. पहिल्यात बाहुलीच्या कडेला नखाएवढा राखाडी पट्टा होता. नवव्यात बाहुली पूर्ण पांढरी होती. नऊ महिने मी त्या डोळ्याकडे, मोठा करकरून, कुठल्याही डॉक्टरपेक्षा जवळून पाहत होतो. मी सगळे छापले आणि दवाखान्यात गेलो.

ढब्बू झोपली होती. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मी फोटो बायकोच्या हातात दिले.

"हे खरे आहेत. भिंतीवरचे मी साफ केलेले आहेत. दर महिन्याला पुसत होतो मी."

तिनं एकेक फोटो पाहिला. मी वाट पाहत उभा राहिलो. ती ओरडेल, तोंडावर भिरकावेल, माहेरी निघून जाईन म्हणेल, सगळ्याची तयारी ठेवली होती. तिनं फोटो नीट एकावर एक लावले.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली.

"काय दिसलं होतं?"

"हेच. स्वयंपाकघरात दारातून तिरका उजेड आला की तिचा हा डोळा आतून चमकायचा. हिवाळ्यात दोन-तीनदा पाहिलं मी." तिनं ढब्बूचं पांघरूण सारखं केलं. "मग तिला कडेवर घेऊन भिंतीपाशी गेले आणि तुमचे सगळे फोटो पाहिले. सगळ्यांत दोन्ही डोळे काळेभोर. म्हटलं, फोटोत नाही म्हणजे मलाच भास होतोय."

"मला विचारायचं तरी, अगं."

"कशाला विचारायचं? फोटो तुम्हीच काढलेले होते."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी त्या मुकाट ऐकून घेतल्या असत्या. हे मात्र मला ऐकवेना.