डोळे उघडून मिळतील

"ही कोण?" बाबांनी विचारलं.

नेहाने मोबाइल त्यांच्या आणखी जवळ धरला. "आजी आहे, आबा. नीट बघा ना. ॲपने फक्त डोळे उघडलेत."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाइल नाकाजवळ नेला. माझ्या चुलतभावाच्या लग्नातला तो फोटो. तीच जांभळी साडी, तेच तोंडभर हसू. मिटलेल्या पापण्यांच्या जागी मात्र आता दोन टपोरे, पाणीदार डोळे होते.

"साडी सुमनची आहे," ते म्हणाले. "बाई दुसरीच कुणीतरी आहे."

नेहाचा चेहरा पडला. दिग्विजयची, माझ्या भावाची ती मुलगी. सकाळपासून ती त्यामागे लागली होती. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले होते, आणि दिग्विजयने स्वतः 'एकदम जिवंत' असं लिहिलं होतं.

भिंतीला टेकून वाती वळणारी आत्या म्हणाली, "मारुती, लेकरानं एवढं केलंय तर घे की गप. तेराव्याला फोटो लागतोय. डोळे मिटलेला फोटो घरात लावत नसतेत. आल्या-गेल्याला काय मढं दाखवायलास का?" आत्या बाबांची थोरली बहीण. आई गेल्याचं कळताच उदगीरहून रातोरात आली होती, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीला नियम लावत होती.

"मी उघडतो तिचे डोळे," बाबा म्हणाले. "तेराव्याच्या आत उघडतो. आयुष्यभर दुसरं काय केलं मी?"

आईचा डोळे उघडे असलेला फोटो आमच्या घरात नव्हता. फोटोग्राफरच्या बायकोचा नव्हता, याचं लोकांना हसू यायचं. कॅमेरा समोर आला की तिची पापणी मिटायचीच. पुढे मोबाइल आले, त्यांना फ्लॅशही लागेना, तरी ती नेमकी त्याच क्षणी मिटायची, नाहीतर मान वळवून कुणाला तरी "जेवलास का रे" विचारत असायची. आधार कार्डावर तेवढे डोळे उघडे आहेत, पण तो ऑपरेटर तिच्यावर इतका ओरडला होता की त्या फोटोत ती पकडून आणल्यासारखी दिसते.

बाबांचं दुकान भोसरीत होतं, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून. पाटीवर खालच्या बाजूला दोन ओळी होत्या. 'जुने फोटो रंगवून मिळतील. मयताचे डोळे उघडून मिळतील.' आज ही दुसरी ओळ वाचून कुणीही दचकेल. तेव्हा कुणी दचकत नसे. कामाला आलेली माणसं आणि आसपासच्या गावांतले शेतकरी, कित्येकांच्या घरात म्हाताऱ्या माणसांचा एकही फोटो नसायचा. माणूस गेल्यावर घाईने बाबांना बोलावणं यायचं. प्रेताला खुर्चीत बसवायचं, मागून कुणीतरी डोकं धरायचं, आणि आयुष्यातला पहिला फोटो निघायचा. तो घेऊन लोक दुकानात यायचे आणि म्हणायचे, तेवढे डोळे उघडून द्या.

काळ्या-पांढऱ्या फोटोवर बाबा दोन तऱ्हांनी रंग द्यायचे. चेहरा, साडी, फेटा यांवर पारदर्शक रंग, पाण्यात इतका पातळ केलेला की खालची एकेक सुरकुती दिसत राहावी. एक हात वाळला की दुसरा, मग तिसरा. त्यात बाबांचं असं काही नसायचं, माणूस फोटोतलाच असायचा. डोळ्यांना हे चालत नसे. तिथे आधी मिटलेली पापणी झाकावी लागायची. त्यासाठी पांढरा, दाट, अपारदर्शक रंग. तो वाळला की त्यावर बुबुळ, वरच्या पापणीची सावली आणि शेवटी ब्रशच्या टोकाने प्रकाशाचा ठिपका. "एकदा पांढरा बसला की खालचं परत येत नाही," ते म्हणायचे, आणि म्हणून तो रंग उचलण्याआधी नेहमी थोडे थांबायचे.

पण गेलेल्या माणसाचे डोळे कसे होते, हे त्यांना कसं कळणार? समोर माणूस असल्याशिवाय त्यांना डोळा काढता येत नसे. तेव्हा ते आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारायचे, "सुमन, जरा येतीस का?"

आई कणकेच्या हातांनी यायची, स्टुलावर बसायची.

"कोण आहे आज?"

"मोशीची एक आजी."

"आणि काल?"

"काल बाप्या होता. भुवया जाड केल्या की झालं."

"अहो, किती मढ्यांना माझे डोळे चिकटवणार तुम्ही? अख्ख्या भोसरीच्या भिंतींवरून मीच बघतीये. मेल्यावर तरी मला सुट्टी द्या."

"हलू नको. वर बघ."

मी कोपऱ्यात बसून अभ्यास करत असायचे. आईच्या या बसण्यात मला तेव्हा विशेष काही वाटत नसे. इतरांच्या घरी आई शिवण करते, तशी आमची आई डोळ्यांसाठी बसते, एवढंच.

दिग्विजयने लग्नातल्या फोटोचा जाड कागदावर काळा-पांढरा प्रिंट आणून दिला. बाबांनी खिडकीपाशी टेबल ओढलं. कॉम्प्युटर आल्यापासून त्यांचं काम बंदच होतं, दुकानाचा गाळाही भाड्याने गेला होता. हात चालेल की नाही, असं मला वाटत होतं. हात चालला. गालांवर पहिला हात इतका हलका गेला की कागद नुसता ओला झाल्यासारखा दिसला. मग हनुवटीखाली थोडी तपकिरी, कपाळाच्या कडेला पिवळसर झाक, साडीवर जांभळा. आईच्या ओठांजवळची ती बारकी रेघ रंगाखालून तशीच दिसत होती. दुपार उलटेपर्यंत डोळे सोडून सगळं झालं.

त्यांनी पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. ब्रश भरला, डाव्या पापणीवर आणला. तिथे तो थांबला. नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ थांबला. शेवटी टोकावरचा रंग वाळून कडक झाला.

"समोर कोण बसणार?" ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, नुसतंच.

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. मला कुणी सांगितलं नव्हतं. वर बघितलं. त्यांनी ब्रश धुतला, चष्मा पुसला आणि माझ्याकडे पाहू लागले. इतका वेळ बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मला पापणी मिटायची भीती वाटत होती.

"तुझे माझ्यासारखे आहेत, योगिनी," ते म्हणाले आणि ब्रश खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शर्ट घालून तयार होते. खिशात पेन्सिल आणि कागदाची घडी.

"चिखलीला सोड मला. गेनबा आहे तिथं. त्याच्या आईचा फोटो केला होता. त्या दिवशी सुमनचे डोळे नेमके उतरले होते. ते बघून काढतो."

"सुतकात दुसऱ्याच्या दारात जायलास?" आत्या उठून उभी राहिली. "अक्कल कुठं गेली तुझी?"

"दारात जाईन. घरात नाही जाणार."

"अन् लोक काय म्हणतील?"

"आक्का, लोकांचेच डोळे उघडायलो की इतकी वर्षं. म्हणू दे काय म्हणायचं ते."

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून निघाले. आताची चिखली त्यांना ओळखू येईना. दोन्ही बाजूंना उंच सोसायट्या, मधे पत्र्याचे वर्कशॉप, ग्राइंडरचा आवाज. मग जुन्या गावठाणातलं देऊळ दिसलं आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून डावीकडे वळायला सांगितलं. गेनबाच्या कौलारू घराच्या जागी तीन मजली इमारत होती, वरचे दोन मजले भाडेकरूंनी भरलेले. गेनबा अंगणात बाजेवर बसला होता. बाबांना बघून आधी ओळख पटेना, मग झटकन उठला.

"आरं, फोटूवाले मारुतराव न्हाई का तुमी! या की आत."

"आत नको. सुतक आहे."

"कुणाचं वो?"

"बायको गेली."

गेनबाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "वाईट झालं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आमी न्हाई मानत एवढं सुतक-बितक. या आत."

"मी मानतो. तुझ्या आईचा फोटो बघायला आलो होतो. आहे का अजून?"

"हाय की! जातोय कुटं? आगं, आयचा फोटू आण भाईर."

त्याची बायको पदराने काच पुसत फोटो घेऊन आली. गेनबाने तो उन्हात दोन्ही हातांनी आमच्यासमोर धरला.

चेहरा जवळजवळ गेलाच होता. पातळ रंग उजेडाने खाऊन टाकले होते, खालचा फोटोही पिवळा पडून विरत चालला होता. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. कुंकवाच्या जागी नुसता डाग. आणि त्या सगळ्या धुरकटीतून आमची आई आमच्याकडे बघत होती. दाट रंगाला काहीही झालं नव्हतं. डाव्या डोळ्याची किंचित उतरलेली कड, आणि अर्ध्या स्वयंपाकातून उठवून आणल्याची ती वैतागलेली नजर. दूध उतू जाईल, लवकर आटपा, असं म्हणणारी.

मला काहीतरी धरावंसं वाटलं. मी स्कूटरचं हँडल धरलं.

"म्हातारीचा रंग पार उडाला बघा," गेनबा म्हणाला. "लुगडं कंच्या रंगाचं व्हतं, ते बी आता सांगता येत न्हाई. डोळं तेवढं जसंच्या तसं ऱ्हायलं. माझी आय अशीच बघायची. उशीर झाला की दारात हुबी. कुटं उलथला व्हतास, म्हणून."

"सुना अजून हिला बघून पदर नीट करत्यात," त्याची बायको म्हणाली. "मी बी करते."

"तेवढं हुबेहूब काढलं तुमी, मारुतराव. तुमी तर आयला जित्तेपणी बघितलीबी नव्हती. कसं काय जमलं?"

बाबांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला होता. तो तिथेच राहिला. मला वाटलं, आता सांगतील. कागद काढतील, गेनबा फोटो धरून उभा राहील, ते टिपून घेतील. गेनबाने नकार दिला नसता.

"जमलं," बाबा म्हणाले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे बांधले, कारण सुतकात दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नव्हता. मग वाकून, काचेपासून वीतभर अंतरावर, त्यांनी बराच वेळ पाहिलं. गेनबाचे हात अवघडले, तरी तो हलला नाही.

"न्यायचा का? नवा रंग भरून द्या दोन दिसांत."

"नको. आहे तो चांगला आहे."

परतताना कुदळवाडीजवळ एक कंटेनर आडवा झाला होता, सगळी वाहनं थांबून हॉर्न वाजवत होती. मी मागे वळून विचारलं, "कागद का नाही काढला?"

"त्याची आई आहे ती," बाबा म्हणाले. "आता कुठं मी तिचे डोळे काढून आणू?"

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि टेबलाशी बसले. पांढऱ्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. बशीत तपकिरी रंगाचा थेंब घेतला, कणभर लाल, आणि पाणी घालत गेले, घालत गेले, बशीत रंग आहे की नाही असं वाटेपर्यंत. मग गालांवर दिला होता तसाच एक हलका हात त्यांनी दोन्ही मिटलेल्या पापण्यांवर दिला. ओल्या रंगाखालून पापण्यांचे केस मोजता आले असते.

आत्या मागे येऊन उभी राहिली होती. "मिटलेलेच ठेवलास?"

"दमली होती गं ती," बाबा म्हणाले.

आत्याने तोंड उघडलं आणि पदराचा बोळा तोंडाशी नेला. पण तेराव्याला जो कोणी फोटोकडे दोनदा बघे, त्याला तीच पुढे होऊन सांगत होती, "आमच्या मारुतीनं केलाय. ती अशीच हसायची, डोळे झाकून."

माणसं गेल्यावर दिग्विजय ड्रिल मशीन घेऊन आला. आजी-आजोबांचे फोटो दाराच्या वर होते, जरा पुढे झुकवून टांगलेले. त्यांच्या रांगेत त्याने पेन्सिलीने खूण केली. बाबांनी त्याच्याकडून खिळा मागून घेतला आणि हातोडी घेऊन आतल्या खोलीत गेले. आई पलंगावर भिंतीच्या बाजूला झोपायची. तिथे, उशीच्या थोडंसं वर, त्यांनी खिळा ठोकला.

"बाबा, इतक्या खाली कुणी फोटो लावतं का?" दिग्विजय म्हणाला. "दिसणार कुणाला?"

त्यांनी फोटो अडकवला, बोटाने सरळ केला. चार वाजत आले होते. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा पलंग ओलांडून भिंतीवर चढत होता. बाबांनी उठून पडदा ओढला. फट राहिली होती, ती चिमट्याने बंद केली. मग पलंगाच्या आपल्या बाजूला, आवाज न करता, ते आडवे झाले.