नामदिनाचा खोका

स्ट्रातोस झिकोस यांनी १९६५ ते १९७१ या काळात बायकोला लिहिलेली पत्रं विद्यापीठाच्या समकालीन ग्रीक अभ्यास केंद्रात तारखेनुसार लावलेली होती. बायको, अन्थूला, श्टुटगार्टच्या कारखान्यात होती. नवरा मुलाला सांभाळत गावात राहिला होता. जर्मनीला गेलेल्या पुरुषांची पत्रं केंद्राकडे खोकेच्या खोके होती. असं उलटं घर एकच. मरण्यापूर्वी अन्थूलाने आपल्याजवळची पत्रं दिली आणि सांगितलं, "मी लिहिलेली त्याच्याकडे आहेत. मागा."

केंद्रातली संशोधक एव्हान्थिया हिने स्ट्रातोसला चार वेळा फोन केला. चौथ्यांदा म्हातारा म्हणाला, "नव्या वर्षाआधी चुलीत घालतो. म्हणजे तुझा फोनचा त्रास वाचेल."

तेरा डिसेंबरला संत एफ्स्ट्रातियोसचा दिवस. स्ट्रातोस हे त्याच नावाचं छोटं रूप, म्हणून हा त्याचा नामदिन, वाढदिवसासारखा साजरा होणारा. त्या दिवशी आमंत्रण लागत नाही, आणि आलेल्याला कुणी दारातून परत पाठवत नाही. एव्हान्थियाने यानिना शहरात मिठाईचा खोका घेतला आणि दोन तास गाडीने घाट चढून गाव गाठलं.

दार बंद होतं. बाहेर पाहुण्यांची एकही गाडी नव्हती. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगात काळा शर्ट होता. त्याने खोक्याच्या लाल रिबिनीकडे पाहिलं.

"कुणाचं लग्न आहे?"

अन्थूलाला जाऊन वर्ष झालं, असं ती धरून चालली होती. दुखवट्याच्या वर्षात नामदिन होत नाही.

"वर्ष कधी पुरं होतं, काका?"

"एकवीसला. आठ दिवस आधी आलीस. विद्यापीठात मोजायला शिकवत नाहीत वाटतं?"

"चुकले मी."

खोका गाडीत टाकून ती पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

"अजून इथेच?"

"माफी मागून झाली. पत्रं मागायची राहिलीत."

त्याने तिला आत घेतलं आणि दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी केली. "गाव मला झिकोसबाई म्हणायचं. बायको कमावते, हा लंगोट धुतो. तेच छापणार ना तुम्ही?"

"लंगोट तुमच्या पत्रांत आहेतच. मुलाचा गोवर आहे, जळलेली पालकाची पाई आहे. त्यावर त्या काय म्हणाल्या, तेवढं माहीत नाही."

त्याने कॉफीचा कप बाजूला सरकवला.

"पाईला हसली होती," तो म्हणाला. आतून त्याने एकच पाकीट आणलं. "हे ने. उतरवून घे, गुरुवारी परत आण. मग दुसरं."

"किती आहेत?"

"एकशे एकवीस. मी शहाऐंशीचा आहे, पोरी."

"मग चुलीत घालायला तुम्हाला सवड नाही."

पुढच्या गुरुवारी घाटात बर्फ होतं. एव्हान्थियाने चाकांना साखळ्या बांधल्या आणि अकरा वाजता ती ते पाकीट घेऊन पोचली. दाराला कडी लावलेली नव्हती. टेबलावर दुसरं पाकीट काढून ठेवलेलं होतं.