न्यामवेझीचा कान

मिहायोचं डोकं पहिल्याच संध्याकाळी गरगरायला लागलं, आणि अजून त्याने पाण्यात पायसुद्धा बुडवला नव्हता.

कुंदुचीच्या किनाऱ्यावर, पाणबुड्यांच्या पडवीत, तो आणि त्याची मुलगी न्यामिझी बाकावर बसले होते. समोर म्विन्शेहे उभा होता, तिशीतला, काटक, खारट उन्हाने भुरे झालेले केस. सुट्टीवर आलेल्या नवशिक्यांना समुद्राखाली न्यायचं आणि सुखरूप वर आणायचं, हा त्याचा धंदा.

"कुठून आलात आपण?" त्याने अदबीने विचारलं.

"ताबोराहून."

"म्हणजे न्यामवेझी?"

"हो. आणि तुम्ही?"

"झारामो," म्विन्शेहे म्हणाला, आणि त्याची अदब तिथल्या तिथे गळून पडली. "अरे देवा, ओझेवाले आले. काय रे म्हाताऱ्या, पणजोबाचं ओझं उतरवून आलास, की त्याच्यासकट बुडणार आहेस?"

"तुझ्या पणजोबाने वाटेत अर्धं चोरलं, म्हणून हलकंच आहे," मिहायोने लगेच परतफेड केली. ती करणं भागच होतं.

झारामो आणि न्यामवेझी एकमेकांचे म्तानी. मेहुण्या-मेहुण्यांची थट्टा दोन अख्ख्या जमातींना वाटून द्यावी, तसा हा प्रकार. मिहायोचे पूर्वज डोक्यावर हस्तिदंत घेऊन महिनोन्महिने चालत या किनाऱ्यावर यायचे, तेव्हा झारामोंच्या पूर्वजांनी त्यांना अडवलं, चिडवलं आणि शेवटी पाणी पाजलं. ती चिडवाचिडवी अजून संपलेली नाही. म्तानी वाटेल ते बोलेल, ताटातला मासा उचलून खाईल, मयताला येऊन हसवेल. त्याच्यावर रागवायचं नाही. रागावला तो हरला. वयाचाही मुलाहिजा नाही. पोरसवदा म्तानीही पांढऱ्या केसांच्या माणसाला खुशाल अरे-तुरे करतो. मिहायोला हे सगळं मनापासून आवडायचं, पण ताबोरात, जमिनीवर.

"नवख्यांसाठी माझ्याकडे तीन जागा आहेत," म्विन्शेहे सांगू लागला. "पहिली, आतली बाग. म्बुड्या बेटाच्या आडोशाला, खाली पांढरी वाळू, मध्ये मध्ये पोवळ्यांचे ढीग. दुसरी, एक बुडालेला पडाव. तिसरी, बाहेरची कड. तिथे तळ दिसत नाही. तुम्हाला कडच बरी. समुद्राने बऱ्याच दिवसांत न्यामवेझी खाल्लेला नाही."

न्यामिझी हसली. मिहायोही हसला, पण आतून त्याचा हिशेब चालू झाला. कड बरी म्हणतो, म्हणजे कड वाईट. पण म्तानी कधी कधी मुद्दाम खरंच बोलतात, समोरच्याने उलटं धरावं म्हणून. मग कड चांगली. की पडाव? पडावाबद्दल तर तो काहीच बोलला नाही.

"थट्टा राहू दे घटकाभर," मिहायो म्हणाला. "सगळ्यात सुरक्षित कुठली ते सांग."

"तुझ्यासाठी? अंथरूण."

म्विन्शेहे आत गेल्यावर मिहायोने होडीच्या नाखुद्याला गाठलं. कोंबो त्याचं नाव, पेंबा बेटावरचा, मोजकं बोलणारा.

"हा सांगतो ते खरं धरायचं की उलटं?"

कोंबोने बराच विचार केला. "कधी खरं, कधी उलटं."

"ते ओळखायचं कसं?"

"म्तानी तुमचा," कोंबो म्हणाला. "मी कसं सांगू? मी पडलो मधला माणूस."

न्यामिझीला मात्र काही अडत नव्हतं. "त्याचं तोंड सोडा हो बाबा, हात बघा," ती म्हणाली. "तुम्ही विचारायच्या आधीच त्याने आपलं सामान आतल्या बागेच्या ढिगात लावून ठेवलंय. सध्या भांगाचे दिवस आहेत, भरती-ओहोटी मंद, पाण्याला ओढ नाही, आणि बेटाचा आडोसा. हे त्याने मला धड सांगितलं. फक्त सांगताना मला गाढवीण म्हणाला."

मग आतली बाग ठरली. कुठल्याही शहाण्या माणसाने हेच ठरवलं असतं, पण मिहायोला रात्री झोप लागेपर्यंत खात्री वाटत नव्हती.

ही सगळी यातायात न्यामिझीसाठी होती. पुढच्या महिन्यात तिचं लग्न, आणि लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर विंडहुकला जाणार. इतक्या लांब, की मिहायोला नकाशावर बोट सरकवतानाही दम लागायचा. तिने स्वतःच्या पगारातून ही सुट्टी काढली होती. आईने समुद्राचं नाव ऐकताच कानावर हात ठेवले आणि ती मधमाश्यांच्या पोळ्यांपाशी ताबोरालाच राहिली. न्यामिझी बापाला एवढंच म्हणाली होती, "बाबा, एकदा माझ्या शेजारी खाली बसा. मला तेवढंच पुरे आहे." मिहायोने शब्द दिला होता.

आणि त्याला पडसं झालं होतं. बसमधल्या त्या गार हवेने येतानाच नाक चोंदलं होतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

पहिला दिवस कमरेएवढ्या पाण्यात गेला. तोंडात नळी धरून श्वास कसा घ्यायचा, डोळ्यांवरच्या काचेत पाणी शिरलं तर कसं काढायचं, म्विन्शेहेने दहादा करून घेतलं. कंटाळला नाही, घाई केली नाही. तोंड मात्र सुरूच.

"खाली जाताना नाक दाबायचं आणि हळूच फुंकायचं. कान टक करतात. दुखायच्या आधी करायचं, दुखल्यावर नाही. दुखलंच तर हात असा हलवून कानाकडे बोट दाखवायचं. न्यामवेझीच्या कानात मध साठलेला असतो. पडदा फाटला तर मी भाकरी घेऊन येईन."

यातलं नाक दाबणं खरं. मध खोटा. पडद्याचं काय? मिहायो पाण्यात उभा राहून विचार करत होता. पडदा फाटतो हे खरं, की मधासारखंच? विचारावं तर हा आणखी काहीतरी बोलणार.

दुसऱ्या दिवशी आडोशालाच, होडीच्या दोरीला धरून, ते थोडंसं खाली गेले. उजवा कान टक झाला. डावा झाला नाही. डाव्यात आधी दडा बसला, मग कळ आली. म्विन्शेहेने त्याच्या समोर येऊन विचारल्याची खूण केली आणि मिहायोने बोटांचं वर्तुळ करून सगळं ठीक असल्याची खूण दिली. तेवढ्यात वर जायची वेळ झाली, म्हणून निभावलं. संध्याकाळी त्याने नाकाला बाम चोळला आणि न्यामिझीला म्हणाला की समुद्राच्या वासाने डोळ्यात पाणी येतंय.

तिसरा दिवस शेवटचा. आज तळाशी, वाळूवर, आतल्या बागेत बसायचं.

सकाळी मिहायो होडीच्या आडोशाला जाऊन नाक शिंकरत होता. वळला तर मागे म्विन्शेहे. मिहायोने ताबडतोब एक टोमणा तयार ठेवला. पण म्विन्शेहेने डोक्यावरची टोपी काढली आणि किंचित वाकला.

"शिकामो, बाबा."

लहानाने मोठ्याला करायचा हा नमस्कार. झारामोने न्यामवेझीला केलेला त्याने जन्मात ऐकला नव्हता.

"काल तुमचा कान दुखला," म्विन्शेहे हळू आवाजात म्हणाला. "मी पाहिलं. तुम्हाला पडसंही आहे. अशात खाली गेलं तर पडदा जातो, ऐकू येणं जातं. आज तुम्ही होडीत बसावं. मुलीला मी नेतो, हात सोडणार नाही. मी तुम्हाला विनंती करतो, बाबा."

बाबा. तुम्ही. विनंती. हे काय चाललंय? त्याने म्विन्शेहेच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे हसण्याची एक रेघ नव्हती. तेवढ्यात न्यामिझी आणि कोंबो सामान घेऊन आले, आणि त्यांना बघून मिहायोला एकदम वाट सापडली. ही तर सगळ्यात वरची थट्टा. तीन दिवस अरे-तुरे केल्यावर हा सोंग बदलून आलाय.

तो मोठ्याने हसला आणि त्या नमस्काराला वडीलधाऱ्याने द्यायचं उत्तर दिलं. "मराहाबा, नातवा, मराहाबा. काय सोंग वठवलंस रे. न्यामिझी, ऐकलंस का? झारामो मला विनंती करतो."

कोंबो हसला. न्यामिझीही हसली, पण तिचं हसू मध्येच अडकलं.

"मी सोंग करत नाही," म्विन्शेहे म्हणाला.

"अजून छान," मिहायो म्हणाला, आणि पोट धरून हसला.

म्विन्शेहेची चांगलीच पंचाईत झाली. म्तानी म्हणून त्याने मिहायोची काच आणि पायातले पंखे उचलून नेले असते, तर कुणी ब्र काढला नसता. मिहायोलाच होडीत बसून शिव्या मोजाव्या लागल्या असत्या. पण आता तो शिकामो म्हणून बसला होता. वडीलधाऱ्याला नमस्कार केल्यावर त्याच्या वस्तूला हात लावता येत नाही, आणि त्याला खोटारडाही म्हणता येत नाही.

"तुमचा कान दुखत नाही?" त्याने शेवटचं विचारलं.

"बाबा, दुखतोय का?" न्यामिझीने विचारलं.

"नाही गं," मिहायो म्हणाला. हे बोलताना तो हसत नव्हता.

म्विन्शेहेने टोपी पुन्हा घातली. "मग दोरी धरून, अगदी हळू. मी वर म्हटलं की वर. आणि तुम्हा दोघांना एकटा मी नेतोय, तेव्हा एक वर म्हणजे तिघंही वर. हे दोघांनी लक्षात ठेवा."

पाणी स्वच्छ होतं. न्यामिझी दोरीवरून अलगद उतरली, जणू रोजचंच घर. वाळूवर गुडघे टेकून बसली, वर पाहिलं आणि शेजारच्या जागेवर हात आपटला. मिहायोने नाक दाबलं, फुंकलं. उजवा टक. डावा बंद. अजून थोडं खाली. डाव्या कानात कुणीतरी सुरी घालून फिरवली. त्याने पुन्हा फुंकलं, जोरात, जसं करू नका म्हणून दहादा सांगितलं होतं तसं.

म्विन्शेहे समोर आला. काचेमागचे त्याचे डोळे मोठे दिसत होते. तो कानाकडे बोट दाखवून थांबला. मिहायोने बोटांचं वर्तुळ केलं. म्विन्शेहेने मान हलवली आणि अंगठा वर केला. वर.

इथे जीभ नव्हती, पणजोबा नव्हते, मध नव्हता. नुसता अंगठा होता. मिहायोने न्यामिझीकडे बोट दाखवलं. ती दोन हात खाली होती, फक्त दोन हात. पुन्हा अंगठा. मिहायोने दोरी घट्ट धरली. मग म्विन्शेहेने त्याच्या छातीवरचा पट्टा पकडला, न्यामिझीला कळावं म्हणून दुसऱ्या हाताने पाठीवरच्या हवेच्या टाकीवर ठणठण वाजवलं, आणि तिघंही वर निघाले. न्यामिझी सगळ्यात शेवटी, मान खाली करून, तळाकडे बघत.

होडीत काच काढली तर आत गुलाबी पाणी. नाकातून रक्त आलं होतं. डावीकडचा समुद्र मुका झाला होता. इंजिनाचा आवाजही फक्त एका बाजूने येत होता. म्विन्शेहेने त्याचं तोंड पुसलं, कानात डोकावून पाहिलं, डोकं उंच ठेवून बसायला सांगितलं आणि कोंबोला म्हणाला, "सरळ किनारा धर. डॉक्टरला दाखवायचं."

"काय रे झारामो," मिहायो म्हणाला, "भाकरी आणलीस ना?"

"नाही, बाबा," म्विन्शेहे म्हणाला आणि टाक्या बांधू लागला. कोंबोने इंजिनाकडे तोंड केलं. मिहायोला म्विन्शेहेची एखादी शिवी ऐकण्यासाठी काहीही द्यायची तयारी होती, पण शिवी आली नाही.

न्यामिझी त्याच्या डाव्या बाजूला बसली होती, केसांतून पाणी गळत होतं. ती काहीतरी म्हणाली.

"काय?"

"त्यांनी तुम्हाला शिकामो म्हटलं होतं," ती मोठ्याने म्हणाली.

"मला वाटलं, थट्टा करतोय."

"खरंच वाटलं?"

उत्तर तयारच होतं. तीन दिवसांचा गोंधळ होता, साक्षीला कोंबो होता. असल्या माणसाचं खरं काय आणि खोटं काय, कुणाला कळणार होतं? मिहायोने तोंड उघडलं. समोर मुलीचा चेहरा होता, थंडीने आकसलेला, आणि पुढच्या महिन्यात तो विंडहुकला जाणार होता.

"नाही," तो म्हणाला. "वाकला तेव्हाच कळलं होतं. मला तुझ्याजवळ बसायचं होतं गं. माझ्यापायी तुझंही गेलं."

ती काही बोलली असेल, तर ते त्याला ऐकू आलं नाही. मग ती उठली, टाक्यांवरून पाय टाकत पलीकडे आली आणि त्याच्या उजव्या कानापाशी टेकून बसली.

"खाली कासव होतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला दिसायच्या आतच आपण वर आलो. सांगू?"

"सांग," मिहायो म्हणाला.