विसापर्यंत मोजायचं

भाऊ आजारी पडल्याला अकरा वर्षं झाली. त्याला नसलेले आवाज ऐकू येत. गोळ्यांनी ते आवाज दबले, पण त्यांच्याबरोबर त्याचाही दबला. तेव्हापासून त्याच्या वाटचं बोलणं थोरल्या बहिणीने अंगावर घेतलं. डॉक्टरांनी त्याला विचारावं, भूक लागते का, की हिने सांगावं, लागते. शिवणाचं मशीन घरातच. दोरा तोडता तोडता ती त्याची उत्तरंही देऊन टाकायची. त्याचे केसही तीच कापायची, कापडाच्याच कात्रीने.

धाकटी बँकेत नोकरीला, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे. थोरलीच्या हिशेबी रविवारपुरती बहीण. तिने हॉस्पिटलमधल्या वर्गात नाव घातलं. असे आजारी ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्यासाठी दर शनिवारी दोन तास. आजार समजून घ्यायचा, माणसाशी बोलायचं कसं ते शिकायचं.

"अकरा वर्षं पाण्यात मी," थोरली म्हणाली, "आणि पोहण्याचा क्लास हिचा."

चौथ्या रविवारी धाकटीने भावाला विचारलं, "दादा, आज काय करावंसं वाटतं?" आणि मूग गिळून बसली. थोरली उत्तर देणार, तोच धाकटीने हात वर केला. बराच वेळ भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलत होतं.

"केस न्हाव्याकडे कापायचेत," भाऊ म्हणाला.

दोघं गेली. थोरली कात्रीसकट घरात राहिली. परत आल्यावर धाकटीने गुपित सांगितलं: वर्गातल्या नर्सबाईंनी शिकवलंय, प्रश्न विचारायचा आणि मनात विसापर्यंत मोजायचं.

थोरलीच्या पोटात दुखू लागलं, आणि ते दुखणं औषधाने थांबणाऱ्यातलं नव्हतं. अकरा वर्षांत भावाने तिच्याकडे एकही गोष्ट मागितली नव्हती, आणि धाकटीने नुसतं गप्प बसून तीन शब्द पदरात पाडले. थोरलीलाही तीन हवे होते. जमल्यास चार.

शनिवारी ती वर्गात जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसली. शिकायला नव्हे, चुका काढायला. नर्सबाईंनी नेमकं तिलाच विचारलं, झोप कशी लागते?

"गोळी घेतली की लगेच झोपतो."

"त्याची नाही विचारली. तुमची."

थोरलीने तोंड उघडलं, पण आत काही तयार नव्हतं. नर्सबाई थांबल्या. सगळ्या खुर्च्या थांबल्या. वीस कधीच उलटून गेल्यावर ती म्हणाली, "कधी बघितलं नाही."

दुसऱ्या दिवशी, धाकटी यायच्या आत, तिने मशीन बंद केलं, भावासमोर बसली आणि विचारलं, "काय हवंय तुला?" मग ओठ आवळले. नऊवर जीभ वळवळली. बाराला तिने ती दातांखाली धरली. सतराला भावाने तिच्याकडे नीट पाहिलं.

"तू शिवत का नाहीस? बरं नाही का तुला?"

ती स्वयंपाकघरात गेली, डोळे पुसले आणि आधी धाकटीला फोन लावला. "तुला तीन शब्द मिळाले. मला आठ. आणि मला त्याने विचारलं, बरं नाही का. तुला विचारलंय कधी?"

पलीकडे शांतता.

"मोजत बसू नकोस. तुझी युक्ती कळलीय मला."

"मोजत नाहीये, ताई," धाकटी म्हणाली. आवाज एवढासा झाला होता. "मला नाही कधी विचारलं त्याने."

थोरलीला त्या रविवारी पोटभर जेवण गेलं.